साका

बाटली बुडवताना तिरकी धरायची.
पाणी आत शिरताना खळखळता कामा नये,
एकही बुडबुडा राहता कामा नये,
नाहीतर आपल्या हवेचा हिशेब
नदीच्या नावावर चढतो.
हे मला कित्तूर मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं,
आणि हेही, की हातमोजे दोन-दोन घाल.

सकाळी सात. प्रयाग चिखली.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती
इथवर येईतो एकमेकींत मिसळलेल्या असतात.
पाचवी सरस्वती, ती दिसत नाही म्हणतात.
तिच्यासाठी मी बाटली आणत नाही.
दोन मिली मॅंगनीज, दोन मिली अल्कली,
बूच घट्ट, बाटली उलटीसुलटी,
आणि साका धरतो तपकिरी, दाट,
काहिलीत वर आलेल्या मळीसारखा.
तपकिरी म्हणजे पाण्यात प्राणवायू आहे.
म्हणजे मासा आहे,
किंवा असायला हरकत नाही.

साडेआठ. घाट.
एक पोरगा रिक्षा धुतोय, सीटसकट.
साका फिका,
चहात दूध जरा जास्तच पडल्यागत.

साडेनऊ. जयंती नाला मिळतो तिथं.
उपसा पंप गप्प.
"लाइट गेलीय," ऑपरेटर म्हणतो.
"कधीपासून?"
"कधीपासून म्हंजे?"

काठाला तायाप्पा भोई उपड्या नावेवर बसलेला.
नावेच्या बुडावर कुणाचीतरी गोधडी वाळत.
आजाऱ्याची नाडी बघायला आलेल्या डॉक्टरला विचारावं
तसं विचारतो, "काय म्हनतीया?"
मी बाटली उन्हात धरते.
साका पांढरा. भिजल्या चुन्यासारखा पांढरा.
"पांढरं म्हंजे चांगलं न्हवं का ओ?"
"पांढरं म्हणजे श्वास नाही, मामा."
तो बराच वेळ बघत राहतो.
"शेंगाळा गेला, मरळ गेली, वांब तर कवाच.
जाळं सांगतच हुतं की.
तुमच्या बाटलीला आता कळालं व्हय."

उरलेल्या बाटल्या कपाटात ठेवायच्या,
सत्तावीस अंशावर, अंधारात, तीन दिवस.
आतले जीव तेवढ्यात
एकमेकांच्या वाटचा श्वास खातात.
तिसऱ्या दिवशी बूच उघडायचं
आणि काय उरलं ते मोजायचं.
आपल्याकडं सावडायलाही तिसराच दिवस.

सासऱ्यांची रक्षा आम्ही नदीत सोडली नाही.
रानात खड्डा काढून आंब्याच्या बुडाशी घातली.
भावकीतल्यांनी कौतुक केलं,
व्हॉट्सअपवर फोटो फिरला,
खाली माझं नाव, "नदीची लेक" असं काहीतरी.

त्याच महिन्यात आमच्या सोसायटीची सभा होती.
बायपासला, शहाण्णव फ्लॅट, नाव रिव्हर व्ह्यू,
बाल्कन्या सगळ्यांनी काचा लावून बंद केलेल्या, वासामुळं.
विषय क्रमांक चार:
सांडपाण्याच्या प्लॅंटचं वीजबिल परवडत नाही,
सबब तो रात्री बंद ठेवावा.
आणि दिवसा गरजेपुरता.
सूचक तिसऱ्या मजल्यावरचे मगदूम,
अनुमोदक कोण आठवत नाही.
ठराव एकमताने मंजूर.

एकमताने म्हणजे
माझाही हात वर होता.
गॅसवर दूध ठेवून आले होते,
सभा लवकर संपावी एवढंच डोक्यात होतं.

आज तिसरा दिवस.
ब्युरेटमधून थेंब सोडायचे,
स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत मोजायचे.
प्रयागच्या बाटलीला वेळ लागला.
घाटाच्या बाटलीला थोडा.
नाल्याच्या बाटलीत निळं आलंच नाही,
घालवायचं काय?

फॉर्मवर शेवटचा रकाना,
प्रदूषणाचा संभाव्य स्रोत.
औद्योगिक, शेती, घरगुती, इतर.
एरवी मी इथं थांबत नाही.
घरगुती.
किती मायेचा शब्द आहे,
घरगुती लोणचं, घरगुती डबा,
घरगुती कारणास्तव रजा.

टिक करते.
खाली सही, पूर्ण नाव,
आणि पत्ता विचारलेला नाही
म्हणून लिहीत नाही.